घर कधी सोडायचं? : मराठवाड्याच्या घरांचा आणि बाहेर पडण्याचा इतिहास

'संकटकाळी घराबाहेर पडण्याची कुटुंबाची तयारी' हा विषय तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराकडे का यावा, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. आम्हालाही पडला होता. हे काम खरं म्हणजे तलाठ्याचं, इंजिनिअरचं, अग्निशमन दलाचं. पण विचार करू लागलो तसं लक्षात आलं की बॅटरी कुठं ठेवायची आणि कागदपत्रं कोणत्या पिशवीत घालायची हा यातला सोपा भाग आहे. अवघड प्रश्न दुसराच आहे. घर सोडायचं कधी? आणि सोडलं तर परत यायचं कधी? माहिती अपुरी असताना, उद्या काय होणार हे ठाऊक नसताना माणसानं कृती कशी करावी, हा तर आमच्याच विषयातला जुना प्रश्न. आणि मराठवाड्यानं तो पुस्तकात नाही, अंगावर घेऊन सोडवलेला आहे. कधी बरोबर सोडवला, कधी त्याची फार मोठी किंमत दिली.

सुरुवात प्लेगपासून करू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं तो दख्खनमध्ये फिरत राहिला. निजामाच्या राज्यातही आला. पुण्यात काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे: घरोघर झडत्या, गोऱ्या सोजिरांची घुसखोरी, आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या. त्या इतिहासाच्या गदारोळात एक साधी गोष्ट झाकली जाते. ती अशी की खेड्यापाड्यांनी प्लेगवर स्वतःचा एक उपाय शोधून काढला होता आणि तो बऱ्यापैकी चालला. उपाय होता गाव सोडण्याचा. आमच्या आजीच्या पिढीतली माणसं सहज बोलताना 'गाव रानात होतं त्या साली' असं म्हणायची. म्हणजे काय, तर घरात उंदीर मरून पडायला लागले की गावानं उठायचं. प्रत्येकानं आपापल्या शेतात झोपडी घालायची. पाच-सहा खांब, वर कडबा, तुराट्या. गरजेपुरतं धान्य, भांडी आणि जनावरं बरोबर. गावात मुक्कामाला कोणी राहायचं नाही.

आता यातली व्यवस्था बघा. खूण ठरलेली होती: उंदीर. ती दिसल्यावर चर्चा करत बसायचं नाही. जागा ठरलेली होती: ज्याचं त्याचं रान, आणि ज्याला रान नाही त्यानं गावाबाहेरच्या माळावर. मुदतही साधारण ठरलेली असे: हंगाम बदलून रोग ओसरेपर्यंत, काही महिने. परत येताना घरं उघडायची, ऊन खाऊ द्यायची, झाडून-सारवून मग आत जायचं. अक्षरओळख नसलेल्या लोकांनी केलेला हा पूर्ण आराखडा होता. जाण्याचा नियम होता तसाच येण्याचाही होता. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं तोच लागणार आहे.

दुसरं बाहेर पडणं रझाकारांच्या काळातलं, १९४७-४८ चं. त्यावर आज फार बोलत नाही, कारण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. सरहद्दीच्या गावांतल्या अनेक कुटुंबांनी बायका-मुलांना बार्शी, सोलापूरकडं, इकडं नांदेडच्या बाजूनं उमरखेड, पुसदकडं पाठवलं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर बहुतेक परतले. त्या काळाचा आजच्या विषयाशी संबंध घराच्या रचनेमुळं येतो. पेंढारी, रोहिले, दरोडेखोर, मग रझाकार, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या भीतीतून मराठवाड्याचं घर घडलं असं आमचं मत आहे. जुना वाडा आठवून बघा. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती. बाहेरच्या अंगाला खिडकी नाहीच, असलं तर एखादं गवाक्ष. एकच मोठा दरवाजा, त्याला आतून आगळ. आत ढाळज, चौक, सोपा, आणि सगळ्यात आत अंधारी खोली, जिथं बळद आणि तिजोरी. माणसं शक्य तितकी आत आणि धन त्याहून आत. बाहेरच्याला आत येता येऊ नये ही या घराची पहिली अट. पण जे घर बाहेरच्याला आत येऊ देत नाही, ते आतल्यालाही लवकर बाहेर जाऊ देत नाही.

वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यावर खणाखणानं लाकूड, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात यासारखं थंड छप्पर नाही. पण दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची, जुनी काही काढायची नाही. वडिलांनी टाकली, आजोबांनी टाकली, त्यावर आपण टाकायची. फूट-दीड फूट, कुठं त्याहून जास्त. मातीचं वजन किती होतं याचा हिशेब कोणी करत नव्हतं, कारण शंभर वर्षांत काही झालं नव्हतं. भिंतींचीही तीच गत. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, मध्ये चिखल आणि खडी. दोन्ही पापुद्र्यांना बांधणारा आरपार दगड घालायची पद्धत मोडत गेलेली. त्यामुळं दिसायला किल्ल्यासारखी असलेली भिंत आतून दोन वेगळ्या भिंती होत्या, एकमेकींना टेकून उभ्या.

आता किल्लारी. औसा तालुका, तेरणेच्या काठचं मोठं गाव, नीळकंठेश्वराचं देऊळ असलेलं. भूकंपाच्या त्या वेळच्या सरकारी नकाशावर हा सगळा भाग पहिल्या पट्ट्यात, म्हणजे देशात सर्वांत कमी धोक्याच्या भागात होता. दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट, न हलणारा खडक, असं शाळेत शिकवलं जाई. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ही समजूत हलायला हवी होती, पण तो धरणामुळं झाला म्हणून बाजूला ठेवला गेला.

१९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात जमिनीतून आवाज यायला लागले. गडगडल्यासारखे, लांब सुरुंग उडाल्यासारखे. हादरे बसायला लागले. ऑक्टोबर १९९२ मधला एक हादरा तर ४ रिश्टरच्या वर गेला. काही घरांना तडे गेले. लोक घाबरले, बाहेर झोपायला लागले. पुढं काही महिने लहान-मोठे धक्के येत राहिले. शास्त्रज्ञ आले, यंत्रं लावली, मोजमाप झालं. १९९३ चा उन्हाळा येईतो जमीन बरीचशी शांत झाली आणि लोक आत झोपायला लागले.

इथं आम्हाला जरा थांबायचं आहे. पुष्कळ लोक म्हणतात, 'एवढी सूचना मिळूनही माणसं आत गेली कशी?' असं म्हणणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. विचार करा. हादऱ्यांची अशी मालिका जगात अनेक ठिकाणी होते आणि बहुतेक वेळा मोठं काही न होता विरून जाते. आजही कोणता शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगू शकत नाही की ही मालिका मोठ्या भूकंपाची नांदी आहे की नुसतीच मालिका. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगला आधीच्या हादऱ्यांवरून लोकांना थंडीत घराबाहेर काढलं, आणि त्याच संध्याकाळी मोठा भूकंप झाला. हजारो वाचले. जग म्हणालं, जमलं! पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला पहाटे, तांगशान झोपेत गाडलं गेलं. सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसं. तिथं हायचेंगसारखी खूण जमिनीनं दिलीच नव्हती.

उंदीर आणि हादरा यांत हा फरक आहे. उंदीर पडला म्हणजे प्लेग आला, यात शंका फार कमी. हादरा बसला म्हणजे मोठा भूकंप येणार, हे कशावरून? आणि समजा येणार असं धरलं, तरी कधी? आज रात्री? दिवाळीनंतर? तीन वर्षांनी? शेतकऱ्यानं किती दिवस अंगणात झोपायचं? साप आहेत, विंचू आहेत, थंडी आहे, घरात धान्य आणि चोराचं भय आहे, म्हाताऱ्या माणसाला दमा आहे. प्लेगच्या वेळी परत येण्याचा नियम होता. १९९२ मध्ये किल्लारीकरांना तो कोणी देऊ शकलं नाही, कारण तो कोणाजवळच नव्हता. मग ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या अंदाजानं परतावं लागलं. काल काही झालं नाही, आज काही झालं नाही, म्हणून उद्याही नाही, हा तर्क आम्ही वर्गात अनुमानाच्या दोषाचं उदाहरण म्हणून शिकवत आलो. पण याच तर्कावर सगळं जग रोज रात्री झोपतं.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत गणपतीचं विसर्जन. दमून भागून माणसं आडवी झाली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. ६.२ तीव्रतेचा. जगाच्या हिशेबात मध्यम. पण तो जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर झाला आणि वर ती माळवदं होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी, राजेगाव, होळी, पेठसांगवी... पुढं ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आम्ही तेव्हा नांदेडला होतो. पलंग हलला, कपाटातली भांडी वाजली, गल्ली रस्त्यावर आली. पहिला अंदाज सगळ्यांचा एकच, कोयना. मुंबईत मुख्यमंत्री शरद पवारांनीही आधी कोयनेकडंच चौकशी केली, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. लातूर कोणाच्या मनातच नव्हतं.

माणसं कशानं मेली? भूकंपानं कोणी मरत नाही, घरानं मरतं, हे वाक्य आता गुळगुळीत झालं आहे, पण इथं ते शब्दशः खरं आहे. भिंतींचे दोन पापुद्रे सुटले, दगड आत कोसळले, माळवदाची माती खाली आली. जे दगडानं गेले नाहीत त्यांतले कित्येक मातीनं गुदमरले. बाहेर धावायला वेळ नव्हताच. आणि जे दारापर्यंत पोहोचले, त्यांच्यापुढं अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी तशाच भिंती. वर पाऊस आला. ढिगारा उपसणाऱ्यांना चिखल उपसावा लागला. कुडाच्या, छपराच्या झोपडीत राहणाऱ्या गरिबाच्या अंगावर पडायला फारसं काही नव्हतं. अनेक वाड्यांत भिंती गेल्या पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे जुन्या सुतारानं आपलं काम चोख केलं होतं. वाड्याच्या गावगाड्यातल्या मोठेपणाची अशी उलटी मोजणी त्या पहाटे झाली.

थोडं दूर जाऊ. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन शहर भूकंपानं, लाटेनं आणि आगीनं उद्ध्वस्त झालं. सणाचा दिवस, सकाळ, लोक चर्चमध्ये. युरोपभर वाद पेटला: देव दयाळू असेल तर हे कसं? व्हॉल्तेअरनं कविता लिहिली. तरुण कांटनं भूकंपाच्या कारणांवर निबंध लिहिले. रूसोनं मात्र १७५६ मध्ये व्हॉल्तेअरला जे पत्र लिहिलं त्यात देवाला बाजूला ठेवून घरांकडं बोट दाखवलं. सहा-सहा मजल्यांची हजारो घरं एकाला एक चिकटून निसर्गानं बांधलेली नव्हती, असं त्याचं म्हणणं. आणि पुढं तो असंही विचारतो की पहिल्या धक्क्यानंतर कपडे, कागद, पैसे आणायला परत आत गेल्यामुळं किती जण मेले? आम्ही हे पत्र अनेक वर्षं शिकवलं. पण १९९३ नंतर शिकवताना त्यातली ही दुसरी ओळ आम्हाला जास्त जड वाटायला लागली. एका बाजूला जिनिव्हाचा विचारवंत आणि दुसऱ्या बाजूला औशाचा शेतकरी. दोघांपुढचा पेच एकच, की बळद आत आहे.

बळदाची गोष्ट तिथं संपत नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीडजवळच्या मामला गावात उंदीर पडले आणि गाठीचा प्लेग निघाला. कित्येक वर्षांनंतर पहिल्यांदा! अभ्यासकांनी त्याची सांगड किल्लारीशी घातली: भूकंपाच्या धास्तीनं लोक घरं सोडून बाहेर राहिले, धान्य बंद घरात राहिलं, त्यावर उंदीर पोसले. म्हणजे एका संकटासाठी सोडलेलं घर दुसऱ्या संकटाला निवारा झालं. प्लेगच्या पिढीतलं कोणी म्हातारं माणूस त्या घरात जिवंत असतं, तर बहुधा म्हणालं असतं, अरे, रिकाम्या घरात धान्य ठेवू नये.

भूकंपानंतर काय काय झालं त्यातलं बरंचसं चांगलं आहे, ते झटकन सांगतो. जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. नवी गावं, रुंद रस्ते, लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. गावोगाव महिलांच्या गटांनी बांधकामावर लक्ष ठेवलं. मंत्रालयात आणि जिल्ह्याजिल्ह्यात नियंत्रण कक्ष उभे राहिले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला, त्याच्या बारा वर्षं आधी हे महाराष्ट्राला शिकावं लागलं. भूकंपाच्या नकाशातला पहिला पट्टा २००२ मध्ये काढूनच टाकला आणि लातूरचा हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. नव्या घरांत लोकांचा जीव रमला नाही, चौक नाही, ढाळज नाही, गोठा लांब, ही तक्रारही खरी आहे.

मग आज आपल्या घरात काय करायचं? आमचं म्हणणं असं आहे की ज्या संकटाची वेळ सांगता येत नाही, त्याच्यासाठी 'बाहेर पडण्याचा' आराखडा अपुरा पडतो. पहाटे ३.५६ ला जाग येऊन, आगळ काढून, म्हातारीला उचलून बाहेर पडणं कोणाला जमत नाही. तेव्हा अर्धी तयारी आदल्या दिवशी, घरातच करायची असते. मातीच्या भिंतीच्या घरात असाल तर झोपायची जागा बदला. सगळ्यात आतली खोली धान्याला द्या आणि माणसं ओसरीला आणा, विशेषतः ज्यांना उचलावं लागतं ती. माळवदावरची जादा माती उतरवा. भिंतीत आरपार दगड किंवा सिमेंटच्या आरपार कड्या बसवता येतात, कोपरे बांधून घेता येतात. आणि एक गोष्ट अजिबात करू नका, जी आज गावोगाव दिसते: त्याच चिखलाच्या दगडी भिंतींवर सिमेंटचा स्लॅब. खाली तोच जुना पापुद्रा आणि वर मातीऐवजी काँक्रीट. यासारखा धोका नाही.

नीट खांब-बीम असलेल्या पक्क्या घरात मात्र उलटं आहे. तिथं हादरा चालू असताना जिन्याकडं धावायचं नाही. टेबलाखाली, पलंगाच्या कडेला डोकं झाकून थांबायचं आणि थांबल्यावर बाहेर यायचं. दोन घरांना दोन नियम. शाळेत मुलांना एकच शिकवतात, मूल सुट्टीत आजोळी माळवदाखाली झोपतं, तिथला नियम त्याला कोणी सांगत नाही. हे घरातल्यांनीच सांगायचं. बाहेर आल्यावर कुठं जमायचं तेही आधी ठरवा. मारुतीचं देऊळ म्हणा, चावडीपुढचं मैदान म्हणा. ठरलेलं असलं की आई पोराला शोधायला परत आत शिरत नाही. कागदपत्रांच्या प्रती, रोजच्या गोळ्या, थोडे पैसे, बॅटरी, कागदावर लिहिलेले नंबर हे सगळं एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. पायताणं उशाशी, काचा आणि दगडांतून अनवाणी चालता येत नाही. गॅस आणि लाईटचं मेन बटण कसं बंद करायचं हे घरातल्या सगळ्यांना यावं, फक्त कर्त्या पुरुषाला नव्हे. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७.

नांदेडकरांनी गोदावरीही धरायला हवी. पूर हा पुष्कळदा उंदरासारखा असतो, खूण देऊन येतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडणार हे आधी सांगितलं जातं, तेव्हा नदीकाठच्या वस्तीनं कोणत्या पातळीला उठायचं हे उन्हाळ्यातच ठरवून ठेवावं. पण नेहमी नाही. १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यात पाऊस कोसळला आणि रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्यात सापडली. माणसं गेली, जनावरं गेली, सैन्य बोलवावं लागलं. जनावर दाव्याला बांधलेलं असलं की पोहता येत असूनही बुडतं. गोठ्यात पावसाळाभर एका ओढीत सुटणारी गाठ मारायची, एवढं तरी आजपासून करता येतं.

आणि जमीन गप्प नाही. नांदेड शहरानं २००६ पासून काही वर्षं हादरे आणि आवाज अनुभवले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज यायला लागले, आणि किल्लारीच्या आठवणीनं लोक बाहेर झोपायला लागले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडं ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीला जाणवला. जुलैत पुन्हा तेवढाच.

मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं एक सूचना काढली, ती आम्हाला फार शहाणपणाची वाटली. पत्र्याच्या घरांवर, पत्रे उडू नयेत म्हणून लोक मोठमोठे दगड ठेवतात, ते काढून घ्या. सूचना बरोबर होती. काहींनी दगड उतरवले. मग एप्रिल-मे आला, वळवाचं वारं सुटलं, पत्रे वाजायला लागले, आणि आमच्या ओळखीच्या एका घरात ते दगड पुन्हा वर चढले. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं की पत्रा लोखंडी हुकानं खालच्या पाईपाला आवळून घ्या, वायसर घाला. मिस्त्रीचं एका दिवसाचं काम. दगड खाली आले, आता त्यांचा परसात धुणं धुवायला कट्टा झाला आहे.